चकत्यांचं वृत्त

४ जुलै

तीर्थरूप वहिनीस,

साष्टांग नमस्कार. म्हणजे उद्देश साष्टांगाचाच आहे. गुडघ्यांनी असहकार पुकारल्यामुळे उरलेल्या अंगांनी जमेल तेवढा केला आहे, तो पूर्ण धरावा.

फोनवर तू ‘बरं आहे, ठेवते’ एवढी दोन वाक्यं बोलतेस आणि त्यातलं दुसरंच खरं असतं. म्हणून हे पत्र. तुझ्या मनगटाचं प्लॅस्टर सुटून महिना झाला, तेव्हा हात आता मोकळा असणार. उत्तर सविस्तर यावं.

आता मुख्य विषयाकडे वळतो. शाळेने मला दिलेल्या घरामागे जो जमिनीचा तुकडा आहे, त्यात यंदा मी झुकिनी लावली. बियाणंवाल्याने बजावून सांगितलं होतं, ‘सर, एका आळ्यात तीन बिया टाका, उगवल्या की त्यातलं जोमदार रोप ठेवा आणि बाकीची दोन उपटा.’ आठ आळी, चोवीस बिया. उगवल्या एकवीस. उपटायला म्हणून उकिडवा बसलो आणि हात उचलेना. ज्याने उगवून दाखवलं, त्याला केवळ शेजारचा जास्त हुशार निघाला म्हणून काढून टाकायचं, हे सव्वीस वर्षं शेवटच्या बाकावरच्यांना सांभाळून घेतलेल्या मास्तराला कसं जमावं? सगळी ठेवली. त्या दयेची फळं आता भोगतो आहे, आणि हे अलंकारिक विधान नाही.

सोमवारी बोटाएवढी असते, मंगळवारी मनगटाएवढी, आणि बुधवारी शाळेतून यायला उशीर झाला तर पोटरीएवढी. नाव झुकिनी, पण कुणापुढे झुकेल तर शपथ. आठवड्याला पन्नास निघतात. मी सकाळी सूप पितो, दुपारी परतून खातो आणि संध्याकाळी किसून अंड्यात लपवतो. लपवतो कुणापासून, तर स्वतःपासून. शिक्षकांच्या खोलीत पहिल्या आठवड्यात ‘अरे वा, सर’ झालं. दुसऱ्या आठवड्यात ‘अजून आहेत का, सर’ झालं. तिसऱ्या आठवड्यात मी आत शिरताच भूगोलाच्या बाईंनी आपली पिशवी पाठीमागे घेतली. ती रिकामी होती. ती भरली जाईल ही भीती होती. ग्रंथपालांनी एक झुकिनी दाराला अडसर म्हणून लावली आहे आणि ‘फार उपयोगी भेट’ असं ते मला दोनदा म्हणाले.

तेव्हा ओळखीच्या कंडक्टरबरोबर बुधवारच्या बसने सतरा नग पाठवतो आहे. तू रुग्णालयाच्या स्वयंपाकघरात चारशे माणसांची भाजी चिरणारी. सतरा म्हणजे तुला तोंडी लावणं.

तुझा दीर,
पंडित


९ जुलै

भाऊजींना अनेक आशीर्वाद.

खोका मिळाला. अक्षराला हसू नका, डाव्या हाताने लिहितेय.

प्लॅस्टर सुटलं म्हणजे हात सुटला असं नसतं हे मलाही आत्ताच कळलं. मनगट वळतं. पण अंगठा आणि बोटं मिटून धरायची म्हटलं की ताकद निघून जाते, जशी पिशवीच्या तळातून साखर गळावी. पेन धरवत नाही. सुरीचं विचारू नका.

आमच्या मुख्य बाई वाईट नाहीत. म्हणाल्या, दोन सप्टेंबरला या. तासाभरात दोन क्रेट भाजी चिरून दाखवा, मोठ्या टेबलावरची जागा तुमचीच आहे. नाही जमलं तर कूपनाच्या खिडकीत बसा, तिथे एक हात पुरतो. खिडकीतलं काम म्हणजे काम नाही असं मी म्हणत नाही. पण बावीस वर्षं मी त्या टेबलाच्या दाराकडच्या टोकाला उभी आहे. मशीन आल्यावर सगळ्या म्हणाल्या होत्या, आता आपण गेलो. मशीनने मऊ भाजीचा लगदा केला आणि आम्ही राहिलो. मशीनने हटवलं नाही ते माझ्याच घराच्या जिन्याने हटवलं.

तुमचे दादा असते तर म्हणाले असते, बस आता घरी, पुष्कळ चिरलंस. असं म्हणायला ते आज नाहीत तेच बरं, नाहीतर मी बसलेही असते.

तुम्ही लगेच बस पकडून येऊ नका. समोर आलात की मी रडेन, मग तुम्ही रडाल, मग चहा कोण करणार.

झुकिन्या छान आहेत. चिरेन.

वहिनी


१३ जुलै

तीर्थरूप वहिनीस,

पाकिटावरचं अक्षर पाहून मी पोस्टमनसमोर म्हणालो होतो की वहिनीने आता कोंबडी पाळलेली दिसते, तीच पत्ते लिहिते. पाकीट उघडून वाचलं. तो पोस्टमन रोज येतो, आणि मी दोन दिवस त्याच्या नजरेला नजर दिलेली नाही.

येत नाही. तू नको म्हणालीस म्हणून. शिवाय चहाचा मुद्दा बिनतोड आहे.

पण एक गोष्ट लिहितो, कारण तोंडावर ती मला कधी बोलता येणार नाही. आई गेल्यावर वर्षाने तू घरात आलीस तेव्हा मी दहा वर्षांचा होतो आणि गुरुजींनी दिलेलं पाठांतर मला येत नव्हतं. रोज संध्याकाळी तू भाजी चिरत बसायचीस आणि मला समोर बसवायचीस. तुला संस्कृतचा गंध नव्हता. तरी माझं चुकलं की तुझी सुरी थांबायची. मी एकदा चिडून विचारलं, तुला काय कळतं गं यातलं? तू म्हणालीस, ‘अर्थ कळत नाही, पण ठेका अडखळला की कळतं.’ चाळीस वर्षं झाली, वहिनी. मी वर्गात आजही श्लोक म्हणतो तेव्हा मागे ती टकटक ऐकू येते. मला जे येतं ते तुझ्या उजव्या हाताने शिकवलेलं आहे. तेव्हा तो हात केवळ तुझा आहे अशा थाटात तू त्याला सोडून देऊ नयेस.

सोबत तेवीस नग. त्यांत एक वडीलधारी आहे. पंधरा दिवस पानांखाली अज्ञातवासात होती, काल सापडली. लांबी कोपरापासून बोटांपर्यंत आणि वर चार बोटं. तिचा योग्य तो मान राखावा.

चीर. जाड, पातळ, वाकडं, कसंही चीर.

तुझा दीर,
पंडित


२० जुलै

भाऊजी, आशीर्वाद.

दोन्ही खोक्यांतल्या सगळ्या चिरून झाल्या. पातळ चकत्या केल्या. ती वडीलधारीसुद्धा लोण्यासारखी कापली गेली. काही केलं परतून, काही सूप. खूप झालं, शेजारीही दिलं.

हात सुधारतोय. व्यायाम शिकवणारी मुलगी रबरी चेंडू देते आणि ‘आजी, दाबा’ म्हणते. मला आजी म्हणते. बाकी चांगली आहे.

तुम्ही तुमच्या गुडघ्यांना तेल लावा. काळजी नको.

वहिनी


२४ जुलै

तीर्थरूप वहिनीस,

तुला सगळं येतं. गणित येतं, शिवण येतं, माझ्यासारख्याला माणसात आणता येतं. खोटं तेवढं येत नाही, आणि या वयात शिकायच्या फंदात पडू नकोस.

त्या वडीलधारीला एक जुळी बहीण होती. ती मी माझ्यासाठी ठेवली. रविवारी कापायला घेतली. सुरी अर्धं बोट खोल जाऊन अडकली, पुढे जाईना आणि बाहेर येईना. मी तशीच सुरीसकट ती बगलेत धरून शाळेच्या सुताराकडे गेलो. रस्त्यात लोक बाजूला होत होते. सुताराने करवत घेतली. त्याला घाम आला. शेवटी म्हणाला, ‘सर, पुढच्या वेळी सागवान आणा, सोपं जाईल.’

आता तर्कशास्त्राप्रमाणे मांडतो. जी वस्तू सुताराला घाम फोडते ती लोण्यासारखी कापली जात नाही. ही वस्तू सुताराला घाम फोडते. म्हणून वहिनीने सुरी हातात घेतलेलीच नाही. डोंगरावरच्या धुरावरून अग्नी ओळखायला आम्हांला शिकवलं, ते इतक्या वर्षांनी प्रथमच घरगुती उपयोगाला आलं.

त्या कुणाला दिल्यास ते विचारत नाही. का दिल्यास ते विचारतो आहे. रागावलेलो नाही. घाबरलो आहे, आणि मला वाटतं तूही.

एक कर. रोज एकच झुकिनी घे, हाताएवढीच, कोवळी. चकत्या कर. मग शिक्क्याच्या शाईची गादी आण, प्रत्येक चकतीची कड तिच्यावर टेकव आणि कागदाच्या पट्टीवर एकापुढे एक उमटव. पातळ चकतीची रेघ बारीक उमटेल, जाड चकतीची रुंद. ती पट्टी मला पाठव. बारीक ती लघु, रुंद ती गुरु. मी तुझ्या चकत्यांचं वृत्त तपासतो. चाळीस वर्षांपूर्वी तू माझं तपासायचीस, एवढीच अदलाबदल.

खोट्या चकत्या उमटवता येत नाहीत हा या पद्धतीचा आणखी एक गुण.

तुझा दीर,
पंडित


२९ जुलै

भाऊजी,

खालच्या इस्त्रीवाल्याला दिल्या. त्याच्या घरात आठ माणसं. तो मला रोज देवमाणूस म्हणतो आणि मी रोज जिन्यात मान खाली घालून चढते. वडीलधारीचं त्याने काय केलं माहीत नाही. कपडे दाबायला ठेवली असेल.

का ते विचारलंत. प्लॅस्टर सुटलं त्याच दिवशी घरी येऊन मी माझी सुरी काढली. एक काकडी घेतली. पहिलाच काप आणि सुरी हातातून सुटली ती पायाशी फरशीवर पडली. बोटभर अंतर. मी ती उचलून टेबलाच्या खणात, नॅपकिनांच्या खाली ठेवली. त्यानंतर तो खण उघडलेला नाही. हात पुसायला पदर आहे.

मला कापण्याची भीती नाही वाटत. मला वाटतं, आत्ताच कळलं की जमत नाही, तर मग दोन सप्टेंबरपर्यंतचे दिवस काय करू? न बघता ठेवलं तर निदान दिवस तरी जातात.

तुमचं पत्र आल्यावर काल खण उघडला. एक झुकिनी, चाळीस मिनिटं. सुरी दोनदा पडली, पण या वेळी पाय लांब ठेवले होते. शाईची गादी इस्त्रीवाल्याकडून आणली, तो कपड्यांवर खुणा करतो ती. पट्टी सोबत आहे. काय हसायचं ते हसा.

वहिनी


३ ऑगस्ट

तीर्थरूप वहिनीस,

पट्टी पोचली. विधिवत परीक्षण केलं.

एकूण अक्षरं पाच. पहिलं गुरु. दुसरं गुरु. तिसरं गुरु. चौथं अतिगुरु, असा प्रकार शास्त्रात नाही, पण तुझ्यासाठी मान्य करतो. पाचवं अक्षर नसून परिच्छेद आहे. हे वृत्त आजवर कुणी वापरलेलं नाही. नाव ठेवायचा अधिकार तुझा.

हसलो. मग ती पट्टी परत हातात घेतली. चाळीस मिनिटं तू त्या झुकिनीपुढे उभी होतीस, दोनदा सुरी उचललीस आणि तिसऱ्यांदा कापलंस. मी वर्गात सहनशीलतेवर सुभाषितं शिकवतो, वहिनी. आता लाज वाटते.

पट्टी टेबलासमोर भिंतीला लावली आहे. पुढच्यांसाठी जागा ठेवली आहे, भिंत मोठी आहे.

आणि त्या एकवीस रोपांबद्दल जे काही वाईटसाईट बोललो ते सगळं मागे घेतो. बियाणंवाल्याचं ऐकलं असतं तर आज आठ रोपं असती आणि तुझ्या वाट्याला आठवड्याला चार झुकिन्या आल्या असत्या. आता रोज पहाटे बागेत जातो, कोवळ्या, हाताएवढ्या झाल्या की काढतो, आकाराप्रमाणे लावतो. खोका आता आठवड्यातून दोनदा येईल. कंडक्टर म्हणाला, सर, पेशंट कसं आहे? मी म्हटलं, पेशंट नाही, परीक्षार्थी आहे.

इस्त्रीवाल्याला माझा नमस्कार सांग. देवमाणूस ही पदवी तुझ्याकडेच राहू दे. आता चिरून देत जा, म्हणजे मान वर करून जिना चढता येईल.

तुझा दीर,
पंडित


१२ ऑगस्ट

भाऊजी, आशीर्वाद.

एक गंमत सांगायची आहे.

मागच्या आठवड्यात उजव्या हाताचा इतका वैताग आला की म्हटलं, चिरूच नकोस, बस तिकडे. आणि सुरी डाव्यात घेतली. डावा अडाणी आहे, भाऊजी. पण घाबरट नाही. त्याने कधी सुरी पाडलेली नाही, त्यामुळे पडेल असं त्याच्या मनातच येत नाही. जाड्या का होईना, त्याने सहा चकत्या धडाधड केल्या.

तेव्हा मला तुमचं पाठांतर आठवलं. तुम्ही माझ्यासमोर बसून शब्द उलटसुलट म्हणायचात. पहिला दुसरा, दुसरा पहिला, परत पहिला दुसरा. मी विचारलं होतं, हे असं मागेपुढे का करता? तुम्ही म्हणाला होतात, गुरुजी म्हणतात की असं केलं की एक विसरला तर दुसरा त्याला धरून आणतो. मला ते फार आवडलं होतं.

मग मी तसंच केलं. एक काप उजव्याने, एक डाव्याने. मग आधी डाव्याने, मागून उजव्याने. परत उजवा, डावा. पहिले दोन दिवस हातांत सुरीची देवाणघेवाण करतानाच अर्धा वेळ जायचा. तिसऱ्या दिवशी एक झालं. डाव्याने कापलं आणि सुरी उजव्यात आली ती मी विचार करायच्या आत खाली गेली. चकती पडली. मी बघत राहिले. पडली ती चकती, सुरी नाही.

व्यायामाच्या मुलीला करून दाखवलं. ती म्हणाली, हे कुणी शिकवलं? म्हटलं, माझ्या दिराने. डॉक्टर आहेत का? म्हटलं, नाही, संस्कृतचे मास्तर. तिने चेंडू परत खोक्यात ठेवून दिला. आणि ‘काकू’ म्हणाली. दहा वर्षांनी तरुण केलंत मला.

तीन पट्ट्या सोबत आहेत. दिवसाला सहा संपतात. वाढवता आल्या तर पाठवा, वीस दिवस राहिलेत. आणि झुकिनी जमली म्हणजे झालं असं नाही. तिथे त्या दिवशी क्रेटमध्ये काय येईल ते बाजारावर असतं.

वहिनी


१९ ऑगस्ट

तीर्थरूप वहिनीस,

आधी शुभ वार्ता. तिसऱ्या पट्टीत सलग आठ लघु आहेत. मी मोजपट्टी लावून तपासलं, मग भिंग घेऊन तपासलं. आठ. नववा थोडा सैल सुटला आहे, पण तिथे श्वास घ्यायची जागा असते, चालतं.

आता दुसरी. तू ‘वाढवता आल्या तर’ म्हणालीस आणि त्याच आठवड्यात रोपांना भुरी लागली. पानांवर पिठासारखं पांढरं पसरलं, पाच दिवसांत निम्मी रोपं बसली. काल एकवीस रोपांवर मिळून झुकिन्या निघाल्या तीन. आयुष्यात पहिल्यांदा मला झुकिनी हवी आहे आणि ती नाही.

तेव्हा काय केलं असेल ते तुला कळलंच असेल. ज्यांच्या ज्यांच्या गळ्यात मारल्या होत्या त्यांच्याकडे परत मागायला गेलो. मुख्याध्यापकांनी दार अर्धं उघडून सांगितलं की सध्या घरात पाहुणे आहेत, नंतर बघू. त्यांना वाटलं मी द्यायला आलो. ग्रंथपाल म्हणाले, दारची नेऊ नका, वारा फार आहे. सुताराने करवत उचलली. भूगोलाच्या बाईंनी तर मी तोंड उघडायच्या आत दोन्ही हात जोडले. शेवटी शिक्षकांच्या खोलीत उभा राहून मी सगळं सांगितलं. मनगट, दोन सप्टेंबर, पट्ट्या. पट्ट्यांचं सांगताना सुरुवात बरी झाली होती. नंतर मला वाक्य पुरं करता येईना. ते तसंच अर्धवट सोडून मी तासाला निघून गेलो.

आज सकाळी माझ्या टेबलावर चार पिशव्या होत्या. बाजारातून आणलेल्या झुकिन्या, काकड्या, गाजरं, एक लाल भोपळा. भूगोलाच्या बाईंनी आपल्या पिशवीवर चिठ्ठी लावली आहे, ‘कठीण भाज्यांचाही सराव असावा.’ मुख्याध्यापकांनी बटाटे आणले आणि ते घरचे आहेत असं सांगितलं. त्यांच्या घरी कुंडीसुद्धा नाही.

दीड महिना मी या लोकांची चेष्टा करत तुला पत्रं लिहिली. ती वाक्यं पुसता आली असती तर पुसली असती.

सगळं उद्याच्या बसने येतं आहे. कंडक्टर एक पिशवी स्वतःकडून घालणार म्हणाला. त्यात काय आहे ते मला सांगायला तयार नाही.

तुझा दीर,
पंडित


६ सप्टेंबर

वहिनी,

दोन तारीख होऊन चार दिवस झाले. फोन उचलतो आणि ठेवतो, कारण तू ‘बरं आहे’ म्हणशील आणि मला ते पडताळून पाहता येणार नाही.

जे झालं असेल ते लिही. खिडकीत बसली असशील तर पहिलं कूपन माझं फाड, मी जेवायला येतो. या वेळी नको म्हणू नकोस. चहा मी करीन.

पंडित


८ सप्टेंबर

भाऊजी, अनेक आशीर्वाद.

तुमची चिठ्ठी आज मिळाली. इतके दिवस तुम्हांला टांगून ठेवलं, माफ करा. त्याच दिवशी लिहायला बसले होते. मग वाटलं, आधी थोडे दिवस जाऊ देत, मग खरं काय ते लिहिता येईल. खोटं मला येत नाही हे तुम्हीच ठरवलंत.

डाव्यानेच लिहितेय. उजवा दमलाय.

दोन तारखेला एक क्रेट गाजरं आणि एक क्रेट लाल भोपळा आला. भूगोलाच्या बाईंचा भोपळा मी तीन दिवस झुंजून कापला होता, त्यामुळे तोंडओळख होती. दाराकडच्या टोकाला उभी राहिले. उजवा डावा, डावा उजवा. टेबलावरच्या पोरी आधी बघत होत्या, मग आपापल्या कामाला लागल्या, तेव्हा मला बरं वाटलं.

तास झाला तेव्हा गाजरं संपली होती आणि भोपळ्याचं क्रेट अर्ध्याला आलं होतं. अर्ध्याच्या थोडं पुढे. बाईंनी घड्याळ बघितलं. मी सुरी खाली ठेवली. तास म्हणजे तास.

बाईंनी ढिगातल्या मूठभर फोडी घेतल्या आणि तळहातावर ओळीने मांडल्या, तुम्ही पट्टी बघत असाल तशा. बराच वेळ बघितल्या. मग विचारलं, ‘यातल्या उजव्या हाताच्या कुठल्या?’

मी बघितलं. भाऊजी, मलाही ओळखू येईना. तसं सांगितलं.

म्हणाल्या, ‘मोठं टेबल नाही देता येणार. तिथे वेग लागतो.’ मी हो म्हटलं. मग म्हणाल्या, ‘उद्यापासून पथ्याच्या टेबलावर या. ज्यांना चावता येत नाही, गिळायला त्रास होतो, त्यांचं. तिथे घाई नाही. पण एक फोड मोठी गेली तर माणसाचा घास अडकतो. मला तिथे असंच कुणीतरी हवं होतं.’

म्हणजे पास की नापास ते तुम्हीच ठरवा. टेबल लहान आहे, भिंतीकडे तोंड करून. पोरींच्या गप्पा ऐकू येत नाहीत. पहिल्या दिवशी मला मोठ्या टेबलाची फार आठवण आली, हे खरं. पण सुरी माझी आहे आणि खणात आता फक्त नॅपकिन आहेत.

तुमचे आभार कसे मानायचे मला समजत नाही. तुम्ही पत्रात किती छान लिहिता, तसं मला येत नाही. एवढंच लिहिते की त्या वेळी तुम्ही रागावला असतात तर मी खण उघडला नसता. हसलात म्हणून उघडला. शाळेतल्या सगळ्यांना माझा नमस्कार सांगा, भूगोलाच्या बाईंना वेगळा सांगा. कंडक्टरच्या पिशवीत कांदे होते. त्यांनाही सांगा, सगळे चिरले, रडत रडत चिरले, पण ते कांद्यामुळे.

जेवायला यायचं तर खुशाल या, कूपन लागणार नाही.

आणि एक. सात नंबर वॉर्डात एक आजोबा आहेत. घशाचं ऑपरेशन झालंय. त्यांचं ताट रोज जसंच्या तसं परत यायचं. मी तीन तारखेपासून त्यांचं चिरतेय, तीन दिवस तसंच परत आलं. मी फोडी आणखी बारीक केल्या. काल दुपारी ट्रॉली परत आली आणि त्यात त्यांचं ताट होतं, नाव चिकटवलेलं असतं त्यावर. धुणारी उचलून न्यायला लागली तर मी तिच्या हातातून घेतलं आणि तशीच उभी राहिले.

ती म्हणाली, ‘काय गं, काही राहिलंय का त्यात?’

मी म्हटलं, ‘नाही. काहीच राहिलेलं नाही.’

वहिनी